अकरा दिवस कुणी बोललं नाही

डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. माझी बायको सुशीला हिच्या खाटेशी उभे राहून ते शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले, केस पेपरवर एक शब्द लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो, छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचो. इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण अक्षरं रोजच्या ओळखीची. तो शब्द मी एकेक अक्षर बघून कागदावर उतरवला आणि छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी जाडा शब्दकोश उघडला, वाचला आणि चष्मा काढला. ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कॅन्सर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, मग चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही.

"बसा जरा," काका म्हणाले. मी बसलो नाही. एका लग्नपत्रिकेचं काम अर्धं होतं, ते पुरं केलं. हात नेहमीसारखे चालत होते, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. आज दुसरं कुणी दवाखान्याच्या बाकावर केस पेपर हातात धरून बसलं असेल, त्याच्यासाठी लिहितो आहे.

सुशीला सव्वीस वर्षांची होती. आम्हाला एक लहान मुलगी होती. आमच्या वस्तीतल्या बालवाडीत शिकवायची. आधी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग दंडावर, मांडीवर निळे डाग. कुठं लागलं, तर म्हणे आठवत नाही. मग ताप. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी महिनाभर टॉनिक दिलं. एके दिवशी मुलांना गाणं शिकवता शिकवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं.

आम्ही बौद्ध. तिथे वस्तीचं नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नसे. कुणी शिवी दिली नाही, हाकललं नाही. फक्त आमच्याशी कमी बोलायचे. "उद्या या", "बाहेर थांबा", "तुम्हाला कळणार नाही". एवढ्या तीन वाक्यांवर आमचं चाललं होतं.

शेजारच्या खाटेवर ताराबाई होत्या. जयसिंगपूरजवळच्या गावातल्या, घरची उसाची शेती, चाळिशीच्या आसपासच्या. आम्ही आलो त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी सुनेची खाट वीतभर बाजूला ओढून घेतली. सासूबाई गावाकडे गेल्या तशी ताराबाईंनी आयाला हाक मारली. "ही खाट सरकीव की हिकडं. ह्या पोरीशी बोलताना माझी मान दुखतीया."

तेव्हापासून सुशीला त्यांना ताराक्का म्हणायला लागली. सुशीलाची बोन मॅरो तपासणी व्हायची होती. बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज. छातीच्या हाडात जाड सुई घालून तो काढतात. ताराक्कांची ती आधीच झाली होती. त्यांनी सुशीलाला सांगितलं, "दुखतंय. न्हाय दुखत म्हनून कोन सांगंल तर ऐकू नगं. पर आकडं मोज. पंचवीसच्या आत हुतंय बघ." सुशीला बाहेर आली ती म्हणाली, "बावीस झालं."

तपासणीचा निकाल म्हणजे तो केस पेपरवरचा शब्द. मला तो कळला, पण मी सुशीलाला सांगितला नाही. "अंगात रक्त कमी हाय, बाटल्या दिल्या की बरं वाटंल," एवढंच म्हणालो. रोज छापखाना सुटला की जायचो, तेच बोलायचो. वस्तीतल्या लोकांनी रक्त दिलं. दोन दिवस तिच्या गालावर रंग यायचा, मग उतरायचा.

तो शब्द कळल्यापासून अकराव्या दिवशी गेलो तर ती उठून बसली होती.

"मला ब्लड कॅन्सर हाय व्हय?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"ताराक्कांनी सांगितलं. त्यास्नीबी त्योच हाय. त्यास्नी मुंबईला न्हेत्यात परवा. तिथं ह्याची वेगळी औषधं हायती म्हनं. आमाला का सांगितलं न्हाय कुणी?"

ताराक्कांच्या मालकांना डॉक्टरांनी त्यांचा निकाल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी खोलीत बोलावलं होतं. खुर्ची दिली, आजार मराठीत समजावून सांगितला, मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. आजार एकच, वॉर्ड एकच, डॉक्टरही तेच.

मी तसाच डॉक्टरांच्या खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता कुणाच्या खोलीत शिरलो असेन.

"साहेब, मुंबईचं आम्हाला का सांगितलं नाही?"

ते चिडले नाहीत. हातातलं पेन खाली ठेवलं. "मुंबईचा खर्च तुम्हाला झेपला नसता. उगीच जिवाला घोर लावायचा, म्हणून नाही बोललो."

"झेपतंय का न्हाय ते आमी बघितलं असतं की, साहेब."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग चिठ्ठी लिहून दिली. मुंबईला गरिबांच्या उपचाराची सोय होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

चिठ्ठी घेऊन मी वॉर्डात आलो आणि डॉक्टरांबद्दल तावातावानं बोलायला लागलो. सुशीलानं सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "त्यांनी तुमाला सांगितलं न्हाय, त्याचा राग आला. आनि तुमी मला सांगितलं न्हाय, त्याचं काय?"

मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

ताराक्कांनी आपल्या मालकांना बजावलं, "ह्यास्नीबी संगं घ्या." दोघी एकाच डब्यातून मुंबईला गेल्या. तिथं दोघींना इंजेक्शनं सुरू झाली. केस गळले, तोंडात फोड आले. गिळता येईना तेव्हा भात निवल्यावर पातळ ताकात कालवून घ्यायचा, हे ताराक्कांनी शोधून काढलं आणि सुशीलाला सांगितलं. ताराक्का रडायला लागल्या की सुशीला त्यांना बालवाडीतली गाणी म्हणून दाखवायची. डॉक्टरांनी औषध दिलं. पण दुपारी तीन वाजता, जेव्हा माणूस भिंतीकडे बघत पडून असतो, तेव्हा त्या दोघीच एकमेकींना होत्या.

सुशीलाचं रक्त सुधारलं. याला रेमिशन म्हणतात. म्हणजे आजार मागे हटतो, गेला असं नव्हे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हा फरक आम्हा दोघांना समोर बसवून दोनदा समजावला. मी त्यांना विचारलं, अकरा दिवस आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "फरक पडला असता असं मी सांगू शकत नाही. पडला नसता असंही सांगू शकत नाही."

हे वाक्य मी अजून सोबत घेऊन जगतो.

घरी आल्यावर तीन महिने बरे गेले. मग ताप परत आला. शेवटच्या आठवड्यात ताराक्का जयसिंगपूरहून एस.टी.नं आमच्या घरी आल्या. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट गुंडाळलेला. दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "पावणं, म्या तिला त्या दिवशी सांगितलं, ते चुकलं का वो माझं?"

मी त्यांच्या पाया पडलो.

दोन दिवसांनी सुशीला गेली. ताराक्का पुढच्या वर्षी गेल्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर विचारा. मराठीत विचारा, कळेपर्यंत विचारा, दारातून हलू नका. आणि ज्याचा आजार आहे त्याला सांगा. आपण त्याला जपतो आहोत असं आपल्याला वाटतं. खरं तर तो त्या भीतीत एकटाच पडलेला असतो.

त्या तीन महिन्यांत सुशीलानं काय केलं ते सांगतो. आमची मुलगी पाच वर्षांची होती. तिला तिनं स्वतःची स्वतः आंघोळ करायला शिकवलं, वेणी घालायला शिकवलं. वेणी वाकडी आली की सोडायची, पुन्हा घाल म्हणायची. शाळा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, तू दमशील, मी सोडतो. तिनं ऐकलं नाही. मुलीचा हात धरून वाटेत चार ठिकाणी बसत शाळेपर्यंत चालत गेली. पोरगी मागं न बघता आत पळाली.

सुशीला फाटकाला धरून उभी होती. "वळून बघितलं न्हाय तिनं," म्हणाली. मला वाटलं, आता रडेल. पण तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी एवढा शांत बघत होतो.

"बरं झालं," ती म्हणाली. "चला घरी."