पेशी बघणाऱ्या आपा

आपा हसल्या की ओपीडीत बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. लग्नाचं वऱ्हाड आत शिरलंय असं वाटावं, इतकं ते हसू मोठं होतं. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तपासणारं माणूस अबोल असेल, कुजबुजत बोलेल, अशी माझी उगाच एक समजूत होती. आपा दणदण चालायच्या, दार ढकलून उघडायच्या आणि व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या सिस्टरला हाक मारायच्या. पण एकदा स्टुलावर बसल्या, डोळा भिंगाला लागला, की लॅबमध्ये फक्त पंख्याचा आवाज उरायचा.

मी तेव्हा जालन्याला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायकांची डॉक्टर होते. धावडा गावच्या मास्तरांची मुलगी, आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली डॉक्टर. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून आलेल्या बाया, अंगावरचं दुखणं वर्षानुवर्षं लपवून, अगदी शेवटी माझ्यासमोर येऊन बसायच्या. गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर पसरलेला असायचा आणि माझ्या हातात धीर देण्यापलीकडे काही नसायचं. तोच रोग वेळेआधी ओळखता येतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. एका चपट्या लाकडी काडीने थोड्या पेशी काढायच्या, काचेवर पसरायच्या, रंग देऊन तपासायच्या. काढणारी मी होते. बघणारं कोणी नव्हतं. काचा मुंबईला जायच्या. तिकडून उत्तर येईपर्यंत ती बाई कुठल्या तरी गावी ऊसतोडीला गेलेली असायची.

मी कमिटीच्या मागे लागले, की पेशी तपासणारं माणूस नेमा. कमिटीने हो-नाही करत जाहिरात दिली. पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनी लॅब पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "इथे नळाला पाणी कधी येतं?" आम्ही खरं ते सांगितलं. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. दुसऱ्या एकाने येतो म्हणून कळवलं, तो आलाच नाही. जागा रिकामी ती रिकामीच.

मग एका दुपारी एक उंच बाई बुरखा काढून हातावर टाकत माझ्या खोलीत आली. "पेशी बघणारं माणूस पाहिजे म्हणे तुम्हाला. मी हैदराबादला तेच काम करून राह्यले. इथलीच हाये मी. अब्बा कापसाच्या जिनिंगमधी फिटर हायेत."

हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेली, तिथेच काम करणारी बाई माझ्या समोर उभी होती आणि तिचं घर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. अब्बांना दम्याचा त्रास सुरू झाला होता, म्हणून आपांना जालन्यालाच राहायचं होतं. मी त्यांना अर्ज लिहायलाही लावलं नाही. तसंच कमिटीसमोर नेलं.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी मला भीती होती नेमकं तेच विचारलं. "तुमचं लग्न व्हायचंय. उद्या लग्न करून निघून गेलात तर आम्ही काय करायचं?"

आपा मोठ्यांदा हसल्या. "ठरलं तर पहिली दावत तुम्हालाच देईन, साहेब. तवर काम तर सांगा!" आणि मग उलट त्यांनीच कमिटीची मुलाखत घेतली. खोली कोणती देणार? खिडकी कोणत्या अंगाला? जिनिंगचा कापूस आत उडून येतो का? शेवटी म्हणाल्या, "एक अट हाये. मला कोणी जल्दी करायची न्हाई. तुम्ही बी न्हाई, डॉक्टरबाईंनी बी न्हाई."

त्यांना नेमलं. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीला ओला पडदा लावला, कारण मोसमात कापसाचे तंतू हवेतून येऊन काचेवर बसत आणि पेशींमध्ये नागमोडी रेघा दिसत. तो पडदा दिवसातून कितीदा तरी त्या स्वतः भिजवायच्या. पाण्याची टंचाई असली तरी पडद्याचं पाणी चुकायचं नाही. स्वतःच्या अंघोळीतलं वाचवते म्हणायच्या.

"सगळं ठीक आहे" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. काच स्वच्छ असली तर म्हणायच्या, "मला काही दिसलं न्हाई." सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. बाहेर बाई जीव मुठीत धरून बसलेली असायची, तिला मी "दिसलं नाही" असं काय सांगू? एकदा मी तसं बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्ही ठीक हाये म्हणा ना. तुम्ही तिचा हात धरून बसलेल्या, तुम्हाला शोभतं. मी नुसती काच बघितली." त्यानंतर आमची वाटणी तशीच ठरून गेली.

काचेला मात्र त्या काच म्हणायच्या नाहीत, बाई म्हणायच्या. "ही बाई लई थकलेली दिसून राह्यली." "या बाईला जंतूंचा त्रास हाये, औषध द्या." आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ओपीडीत येऊन त्या बाईला शोधायच्या. शेजारी बसून गाव विचारायच्या, लेकरं विचारायच्या. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "सकाळपासून जिच्या आतमधी बघून राह्यले, तिचं तोंड बी बघू नये का?"

हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आमच्या खोल्यांची भिंत एकच होती. अब्बांचं घर जवळ असूनही काम लांबलं की आपा बऱ्याचदा इकडेच राहायच्या. मला गावात कोणी खोली दिली नव्हती. आडनाव विचारून झालं की घरमालकाला अचानक पुतण्या राहायला येणार असल्याचं आठवायचं. ते ऐकून आपा इतक्या हसल्या होत्या, की मलाही हसू आलं आणि त्या गोष्टीचा सल तिथेच निम्मा झाला. शुक्रवारी त्या आंबट डाळ आणि भात पाठवायच्या, मी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी द्यायचे. संध्याकाळी मोती तलावाच्या बाजूला फिरायला जायचो. मी घरात सगळ्यांत थोरली. मला कोणी मोठी बहीण नव्हती. आपा मिळाल्यावर ते कळलं.

एका तपासणी शिबिरात काढलेली केदारखेड्याच्या गयाबाईची काच आपांच्या हाती आली. शिबिर संपून आठवडा झाला होता. आपा माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि उभ्याच राहिल्या. "ही बाई बोलवा. आत्ता बोलवा. सुरुवात हाये, अजून पसरलेलं न्हाई."

निरोप पाठवला. गयाबाई आली नाही. पुन्हा पाठवला. सासूने उलट निरोप दिला, की सुनेला काहीही झालेलं नाही, डॉक्टरांना दुसरं काम नाही का. आपांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून माझ्या दाराशी उभ्या. "चला, डॉक्टरबाई. एसटी निघून जाईल."

गयाबाई शेतात निंदत होती. तिशीची, काटक, हसतमुख. आम्हाला बघून घाबरली. सासू बांधावरून उठून पुढे आली. "काय पायजे तुमाला? ती चांगली धडधाकट हाये. बघा की, सकाळपासून वाकून राह्यली."

गयाबाईही म्हणाली, "मला तं काहीच दुखत न्हाई, बाई."

आपा तिच्यासमोर काळ्या मातीत सरळ बसल्या. बुरख्याला ढेकळं लागत होती. "म्हणून तर आले मी. दुखायला लागल्यावर तू आलीस तर मंग मी काय करू? तव्हा डॉक्टरबाई बी काही करू शकत न्हाईत. आत्ता हाये ते चिमटीएवढं हाये. पिशवीचं ऑपरेशन केलं की तू हे वावर म्हातारी होईस्तोवर निंदशील."

"अन् आता ऐन निंदणीत घर-वावर कोण बघल?" सासू म्हणाली. आवाज कडक होता, पण तिने सुनेचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता. मला तेव्हा समजलं, की म्हातारीला राग आलेला नाही. ती भ्यालेली आहे.

आपांनाही ते दिसलं असावं. त्या उठल्या, म्हातारीचा हात धरला. "अम्मा, तुमच्या घरात कोणी गेलं का या रोगानं?"

म्हातारीने पदर तोंडाशी नेला. "माझी लेक," ती म्हणाली. "दवाखान्यात नेली अन् तिथंच गेली. परत आणलीच न्हाई."

"तिला उशिरा नेली असंल."

"लई उशिरा नेली."

"हिला लवकर न्या," आपा म्हणाल्या. "अन् तुम्ही बी चला संग. तुमची बी तपासते मी. सुनेला एकटीला पाठवू नका."

त्यांनी आम्हाला बांधावर बसवून भाकरी दिली. परतीच्या एसटीत आपा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

दोघी आल्या. सासूच्या काचेत आपांना काही दिसलं नाही. गयाबाईचं ऑपरेशन झालं. पेशी जिथे होत्या तिथेच होत्या, पुढे सरकलेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी ती हुरडा घेऊन आली आणि माझ्या खोलीवरून सरळ पुढे लॅबकडे गेली. मला वाईट वाटलं नाही. त्या वर्षानंतर केदारखेड्याहूनच नाही, आसपासच्या गावांतूनही बाया आपणहून येऊ लागल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, त्या हसणाऱ्या आपांकडं आलोत.

अब्बा गेले त्या पावसाळ्यात आपा महिनाभर हसल्याच नाहीत. मग हळूहळू सावरल्या. मला वाटलं, आता त्या इथून कुठेही जायच्या नाहीत. आम्ही दोघी इथेच म्हाताऱ्या होणार, असं मी मनात धरूनच टाकलं होतं.

हैदराबादला त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. मागे तीन लेकरं. शेवटचं तर पाळण्यातलं. मेहुणे सौदीला नोकरीवर, घरी त्यांची आंधळी आई. आपा तिकडे जाऊन आल्या. आल्यावर रोजच्यासारखं काम करत होत्या, फक्त लॅबमधून उठायच्या नाहीत. एका संध्याकाळी तलावाकडे निघालो, तेव्हा वाटेतच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मी चालले. कमिटीला सांगून टाकलं."

"जाऊ नका," मी म्हणाले. भर रस्त्यात उभी राहून तेच पुन्हा म्हणाले, "आपा, जाऊ नका."

"तुम्ही असं म्हणणार, म्हणून तर सगळ्यांच्या शेवटी तुम्हाला सांगितलं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "काचा कोणी बी बघंल. लेकरांना कोण बघणार?"

स्टेशनवर हॉस्पिटलातले सगळे आले होते, अध्यक्षसुद्धा. आपांनी प्रत्येकाची चेष्टा केली. माझी केली नाही. गाडी हलली तेव्हा मला नुसतं म्हणाल्या, "जेवत जा येळेवर."

काचा कोणी बघितल्या नाहीत. जागेला पुन्हा माणूस मिळेना. लॅबची ती खोली बंद राहिली, काचा पुन्हा मुंबईला जाऊ लागल्या. बाया विचारायच्या, आपा कधी येणार? मी म्हणायचे, येतील. दीड-दोन वर्षं असं चाललं. शेवटी मी कमिटीला म्हटलं, मीच जाऊन त्यांना घेऊन येते. लेकरांनाही इकडे आणू, मोठं क्वार्टर देऊ, त्या आंधळ्या म्हातारीचीही सोय करू. कमिटीने सगळं कबूल केलं. इतक्या मोकळेपणाने त्यांनी आधी कधीच काही कबूल केलं नव्हतं.

हैदराबादच्या जुन्या वस्तीत घर शोधत गेले. आपांनीच दार उघडलं. वाळल्या होत्या. केसांत पांढरं आलं होतं. मला बघून हसल्या नाहीत. माझ्या गळ्यात पडून रडल्या. मग लगेच डोळे पुसून म्हणाल्या, "बोला. मराठी बोला काही बी. इथं दिवसभर कोणी मराठी बोलत न्हाई. मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलून राह्यले."

मी बोलायला लागले. कुठली सिस्टर लग्न करून गेली, वॉचमनच्या मुलाला नोकरी लागली, गयाबाईच्या पोरीचं लग्न ठरलंय, यंदा तलाव भरला. आपा डाळ निवडत बसल्या होत्या. निवडायचं थांबवून त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच पाळण्यातलं ते लेकरू, आता चालायला लागलेलं, धावत आलं आणि त्यांच्या कमरेला बिलगलं. "अम्मी," त्याच्यामागून आलेलं मधलं म्हणालं, "ये क्या बोल रहे?"

"जालने की बोली है, बेटा," आपा म्हणाल्या. "सुन. अच्छी लगती."

कोपऱ्यात खाटेवर आंधळी म्हातारी बसलेली होती; हे घर सोडून ती कुठे जाणार नाही, हे बघताच कळत होतं. थोरली पोर तिला पाणी देत होती, पण नजर सगळी आपांवर. नवीन बाई आली आहे, ती आपल्या अम्मीला कुठे घेऊन जाणार का, असं तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. मी जेवले. आंबट डाळ खाल्ली. संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. क्वार्टरचं, लॅबचं, कमिटीचं काही बोलले नाही.

आपा मला रिक्षापर्यंत पोचवायला आल्या. कडेवर धाकटं होतं. रिक्षा थांबली तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "ज्या कामासाठी आल्त्या, ते विचारलं न्हाई तुम्ही."

"नाही विचारलं," मी म्हणाले.

"बरं केलं." त्यांनी लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "विचारलं असतं, तर मी आले असते."