सिनेमा थांबवणारे आप्पा

चालू सिनेमा ऐन प्रसंगात थांबवून प्रेक्षकांना जाब विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुकलाल आप्पा. आमच्या सूत कारखान्यात ते फिटर होते आणि डोकमर्डीच्या चाळीत राहत. रविवारी दुपारी चाळीतली मंडळी भाड्याने व्हिडिओ आणत. आप्पा त्याच्या शेजारी पाट टाकून बसत, कारण खानदेशातून आलेल्या बायकांना हिंदी नीट उमजत नसे आणि आप्पा त्यांना सगळी गोष्ट अहिराणीत सांगत. सांगता सांगता आपल्याला न पटलेल्या जागी आले, की त्यांचे जाडजूड बोट बटणावर पडे. पडद्यावरचा नायक तोंड उघडे ठेवून थरथरत राही.

मी नाशिकहून नुकताच सिल्वासाला आलो होतो, तेविशीचा शिफ्ट सुपरवायझर. ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात, "मेसचं जेवण खाऊन वाळून जाशात सायेब," म्हणून घरी बोलावले, आणि मी त्या पाटाशेजारचा कायमचा प्रेक्षक झालो. कारखान्यात 'सायेब', घरी 'भाऊ', हा भेद त्यांनी शेवटपर्यंत पाळला. किराणावाल्याशी गुजराती, कामगारांशी हिंदी, माझ्याशी मराठी आणि राग आला की अहिराणी, अशी त्यांची भाषांची वाटणी होती.

एक सिनेमा चाळीत पुन्हा पुन्हा येई. जुना, गाजलेला. दोन जिवलग मित्र आणि दोघांचाही जीव एकाच मुलीवर. एकाला दुसऱ्याचे मन कळते, आणि तो मुलीला खोटेच सांगतो, 'माझे तुझ्यावर कधी प्रेम नव्हतेच.' या ठिकाणी बायका पदर डोळ्यांना लावत आणि नेमके इथेच आप्पांचे बोट पडे.

"आते सांगा बहिनीसहोन, या दोन्हीसनी ठरायं. पन तिले इचारं का कोनी?"

"आहो, चालू करा ना!" जिजामामी, म्हणजे त्यांची पत्नी, कावून म्हणत. "दर खेपेला तेच. तो बिचारा रडी राहिना अन् तुम्ही त्याले लटकाडी ठेवेल शे!"

"रडू दे. ती पोर काय मशीनना सुटा भाग शे का, याना हातमाईन त्याना हातमा देवाले?"

बायका हसत. मी मात्र एकदा उठून चांगले भाषण केले होते. त्यागाशिवाय प्रेमाला उंची नाही, अशा थाटाचे. आप्पांनी शांतपणे ऐकले. "भाऊ, तुम्ही शिकेल माणूस," ते म्हणाले, "पण द्यायची वस्तू आधी आपली असावी लागते ना?" आणि सिनेमा पुढे सुरू केला.

त्या हसणाऱ्या बायकांमागे दाराला टेकून उभी राहणारी कुसुम ही आप्पांची भाची. शिरपूरकडच्या खेड्यातून बारावी होऊन आलेली. आमच्याच कारखान्याच्या लॅबमध्ये सुताची जाडी तपासण्याचे काम करी. हात इतका नेमका, की तिने तपासलेले सुताचे रीळ कोणी पुन्हा तपासत नसे. लॅबच्या प्रमुखांनी तिचे नाव सुरतच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवले होते. तिथून परतणाऱ्याला लॅबची शिफ्ट सांभाळायला मिळणार होती. हे सारे मला ठाऊक होते. तिच्याविषयी माझ्या मनात काय आहे, हेही ठाऊक होते. तिच्या मनात काय आहे, याचा विचार मी केला नव्हता, हे मात्र समजायला मला फार वर्षे लागली.

माझा खोलीतला सोबती विलास पुण्याचा. मला कावीळ झाली तेव्हा दीड महिना त्याने माझी सेवा केली होती. एका संध्याकाळी अथालच्या रस्त्यावर चालताना तो म्हणाला, "यार, मला कुसुम आवडते. तू आप्पांच्या जवळचा. तूच शब्द टाक." त्या क्षणी मला दुःख झाले असे मी पुढे अनेकांना सांगितले. खरे सांगायचे तर दुःखाबरोबर एक गोड शिरशिरीही आली होती. सिनेमातला तो प्रसंग माझ्या वाट्याला आला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत मी आप्पांना मशीनजवळ गाठले. आवाज जड करून म्हणालो, "आप्पा, विलास कुसुमसाठी चांगला आहे. मी माघार घेतली आहे."

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "माघार? कशातून?"

शेजारच्या मशीनवर दोघे तिघे धागा जोडत होते, त्यांच्या कानांवर तो शब्द पडला होता. आप्पा हलकेच म्हणाले, "सायेब, माघार घ्यायची तर आधी माणूस पुढे गेलेला असतो. तुम्ही कवा पुढे गेले होते? अन् तिले इचारं का?"

'माघार' हा शब्द संध्याकाळपर्यंत डोकमर्डीत पोचला. माघार घेतली, म्हणजे आधी काहीतरी होते. काय होते, ते ज्याने त्याने आपल्या कल्पनेप्रमाणे भरून काढले. गावी जाणाऱ्या कोणीतरी तो शब्द शिरपूरकडे नेला आणि आठवड्याच्या आत कुसुमचे वडील आप्पांच्या दारात उभे राहिले.

मीही तिथे होतो. आप्पा मेहुण्याला हात जोडून सांगत होते, "पावणे, पोरीचं नाव सुरतला गेलंय. महिनाभर थांबा. निदान तिले इचारा तरी."

"तुमना घरमा ठेवी हीच चूक व्हयनी," ते म्हणाले. "आते इचारानं काय राहिनं?"

कुसुमने एकदा माझ्याकडे पाहिले. काही नव्हते, हे एकच वाक्य मी बोलायचे होते. मी ते बोललो नाही. भीती होतीच, पण त्याहून लाजिरवाणे असे, की 'काही नव्हते' म्हटल्यावर माझ्या त्यागात तरी काय उरणार होते? ती पिशवी घेऊन वडिलांमागे गेली. विलासने पुढे विषय काढला नाही. वर्षभरात तो पुण्याला परतला.

आप्पांनी मला घराबाहेर काढले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी तसे केले नाही. पुढच्या रविवारीही मामींनी माझे ताट वाढले. मी खाली मान घालून बसलो तेव्हा आप्पा एवढेच म्हणाले, "जेवा भाऊ. अन्नावर राग नका काढू." पुढे माझे लग्न झाले, सामरवरणीला घर झाले, तेव्हाही घरातला पहिला दिवा लावायला मी आप्पांनाच बोलावले. ते आले, आणि आत येण्याआधी माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, घर तुले आवडनं का? भाऊने इचारं होतं ना?" ती हसली. मला मात्र हसता आले नाही, कारण मी विचारले नव्हते.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा आप्पा निवृत्त होऊन गावी गेले आणि अंथरुणाला खिळले. ते वारण्याच्या महिनाभर आधी मी भेटायला गेलो. त्यांचा हात हातात घेऊन, इतकी वर्षे घोळवलेले वाक्य बोललो, "आप्पा, त्या दिवशी मी गप्प राहिलो. मला माफ करा."

"माफी माले काय मांगस?" ते माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले. "ती आत चहा करी राहिनी."

कुसुम मामाची शुश्रूषा करायला सासरहून आली होती. केसांत पांढरे आले होते, धाकटी मुलगी पदर धरून होती. ती चहा घेऊन बाहेर आली तसा मी उभा राहिलो. म्हणालो, "कुसुमताई, जे तेव्हा विचारायला हवे होते ते आज विचारतो. तुमच्या मनात काय होते?"

तिने कपबशी माझ्या हातात दिली. राग नव्हता, असता तर बरे वाटले असते.

"मला तुम्ही दोघंही नको होता," ती म्हणाली. "मला सुरतला जायचं होतं."

आप्पांनी डोळे मिटले होते, पण ते ऐकत होते. मुलीला कडेवर घेत कुसुमने सहज विचारावे तसे विचारले, "माझ्या जागी मग कोण गेलं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "ती जागा त्या वर्षी रिकामीच राहिली."