आबांच्या उजव्या बाजूला

आबांच्या उजव्या कानाला ऐकू येत नाही, हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. घरात आम्ही सगळेच त्यांच्याशी बोलताना डावीकडे जाऊन उभे राहायचो. तो कान कशानं गेला हेही ठाऊक होतं. बेचाळीसच्या चळवळीत नंदुरबारला मोर्चा निघाला होता, रनाळ्याहून पाचसहा जण गेले होते, आबा त्यांत होते आणि त्यांच्या कानावर लाठी बसली होती. मी तेव्हा पाळण्यात होते. आबा स्वतः कधी याबद्दल बोलत नसत. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवत आणि हार घालत. घरी आले की ते तो आमच्या गायीच्या गळ्यात घालून टाकत.

चळवळीनं त्यांना खादी दिली, आणि मुलींना शिकवायचं हे वेडही दिलं. गावातल्या माझ्या वयाच्या मुली लग्न होऊन नवापूर, शिरपूरकडे गेल्या तेव्हा मी दोंडाईच्याला मावशीकडे राहून मॅट्रिक करत होते. नंदुरबारला कॉलेज निघालं तेव्हा भाऊबंदांनी आबांना बरंच समजावलं. आबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडी जुंपून मला रनाळे स्टेशनवर पॅसेंजरला बसवून दिलं.

पुढे बी. ए. ला मी इंग्रजी विषय घेतला. हे मी घरी सांगितलं तेव्हा आबा कापसातून काडी-कचरा वेचत होते. त्यांनी मान हलवली. माय म्हणाली, चांगलं आहे, मास्तरीण होशील. एवढ्यावर ते संपलं. मला खरं तर आत कुठेतरी वाटत होतं की आबा काहीतरी म्हणतील. ते म्हणाले नाहीत, म्हणून त्यांना चालतंय असं मी धरून चालले.

मला इंग्रजी का आवडलं हे सांगणं अवघड आहे. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि दोन्हींत माझं बोलणं म्हणजे विचारल्याला उत्तर देणं. इंग्रजीत मला कोणी ओळखत नव्हतं. तिथे मी काहीही होऊ शकत होते. आमचे प्राध्यापक कोकणातले होते, बारीक, चष्मेवाले, आणि शिकवताना खिडकीकडे बघत बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की कविता डोळ्यांनी वाचायची गोष्टच नाही, ती मोठ्यानं म्हणायची असते. ओठ आणि दात यांच्यात इंग्रजीतल्या ‘व’चे दोन वेगळे उच्चार कसे धरायचे हे त्यांनी आम्हाला दिवसच्या दिवस घोटवून घेतलं. पॅसेंजरच्या बायकांच्या डब्यात मी ते ओठातल्या ओठात करत बसायचे. शेजारची एक म्हातारी मला देवाचं नाव घेणारी सालस पोरगी समजायची आणि उतरताना माझ्या गालावरून हात फिरवायची.

घरी मोठ्यानं म्हणायला जागा एकच, मागची ओसरी. संध्याकाळी तिथे आबा बसायचे. कधी भुईमुगाच्या शेंगा फोडत, कधी दोर वळत. मी पुस्तक घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसायचे. हे मी ठरवून करत होते. त्या बाजूनं त्यांना ऐकू येत नाही, मग त्यांना त्रास नाही आणि आपल्यालाही संकोच नाही, असा माझा हिशेब. आबा हलायचे नाहीत. शेंगा फोडत राहायचे. मी पानांमागून पानं म्हणत जायचे आणि त्यांच्या न हलण्यावर निर्धास्त असायचे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात इंग्रजी वाचिक अभिनयाची स्पर्धा ठेवली. आम्हाला नेमलेल्या एका नाटकात एक सेनापती चौकात जमलेल्या लोकांना पांगवायचा हुकूम देतो, असा प्रवेश होता. प्राध्यापकांनी तो मला दिला. मुलगी सेनापती म्हणून वर्गात हशा झाला. पण मी दोनतीनदा म्हणून दाखवल्यावर हसणं थांबलं. सर म्हणाले, आवाज गळ्यातून नको, पोटातून आला पाहिजे. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप मागे सरकले पाहिजेत.

मला तो हुकूम फार आवडत होता. आजही ते लिहिताना बोट थबकतं, पण आवडत होता हे खरं. आयुष्यात मी कोणाला ‘हो बाजूला’ असंही म्हटलेलं नव्हतं. आणि इथे माझ्या एका ओळीनं अख्खा चौक रिकामा होत होता.

कापसाचे दिवस होते. ओसरीत भिंतीला लागून कापसाचा ढीग होता आणि आबा त्याच्यापुढे उकिडवे बसून ओला कापूस वेगळा काढत होते. मी त्या दिवशी बसले नाही. उभं राहूनच म्हणायचं होतं, म्हणून त्यांच्या मागे गेले. कोणत्या बाजूला उभी आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पाठीचा कणा ताठ केला, श्वास पोटात घेतला आणि तो हुकूम सरांनी सांगितला होता तसा सोडला.

आबा कापसावर पडले. पडले म्हणजे कोणी ढकलल्यासारखे नव्हे. त्यांनी स्वतःला खाली टाकलं, गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. कोपरं कानांवर घट्ट दाबलेली. मी पुस्तक हातात धरून तशीच उभी राहिले. पुढे व्हायला हवं होतं, पण मला हलता येईना. माय आतून पिठाच्या हातांनी आली, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिली. जराशानं आबांनी हात काढले. उठले. धोतराला चिकटलेला कापूस एकेक करून वेचला आणि ढिगावर ठेवला.

“कापूस वला शे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “उनमा टाकना पडी.”

आणि टोपी घालून बाहेर गेले.

मायनं मला चुलीपाशी बोलावलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भाकरी थापत थापत सांगत गेली. तो कान पूर्ण गेलेला नाही, ती म्हणाली. त्या कानात सतत एक आवाज घुमत असतो आणि त्या घुमण्यातून बाहेरचं थोडंथोडं येतं. मी ओसरीत बसून वाचते ते त्यांना सगळं कळत नाही, पण भाषा कोणती आहे ते कळतं. मग ते उठून का जात नाहीत, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, की उठलो तर पोरीला वाईट वाटेल, असं ते म्हणतात.

मी वर्षभर त्यांच्या बसून राहण्याचा अर्थ काय लावत होते, आणि तो काय निघाला.

मोर्च्याचंही मला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. घोड्यावरचा एक अंमलदार पुढे आला आणि इंग्रजीत काहीतरी ओरडला. नंदुरबारमधल्या शिकलेल्या मंडळींना ते समजलं. ती बाजूच्या गल्ल्यांत पांगली. खेड्यांवरून आलेल्यांना समजलं नाही. ते, हा काय म्हणतोय, असं एकमेकांना विचारत उभे राहिले. आबा त्यांतले होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं की माझा घसा बसला आहे, मला स्पर्धेत भाग घेता येणार नाही. आवाज चांगला खणखणीत होता, सरांनाही तो ऐकू येत होता. ते खिडकीकडे बघत म्हणाले, ठीक आहे. तो प्रवेश मग दुसऱ्या एका मुलानं केला. मी बघायला गेले नाही.

इंग्रजी सोडून मराठी घ्यायचं हेही मी मनाशी ठरवलं. विषय बदलायला अजून मुदत होती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्यासोबत पॅसेंजरनं येणाऱ्या चौपाळ्याच्या मुलीला बोलले होते, आणि तिच्या वडिलांची नि आबांची बाजारात गाठ पडायची.

दोनचार दिवसांनी आबा मला स्टेशनवर सोडायला निघाले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बैल वाटेला लागले की आबांना हाकावं लागत नसे. मी गाडीत मागे, त्यांच्या डावीकडे, सावरून बसले होते. गाव मागे पडलं. मग त्यांनी विचारलं, “मन्हामुये इंग्रजी सोडी ऱ्हायनी का?”

त्यांच्यामुळेच सोडत होते, हे खरं होतं; मी मान खाली घातली.

“नको सोडू,” आबा म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा बोलले. “तो काय बोलना ते माले समजनं नही. तुले समजतं.”

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. स्टेशनचा दिवा दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, “फक्त घरमा जोरमा वाचू नको.”

मी ते पाळलं. त्यानंतर बराच काळ घरात माझ्या तोंडून इंग्रजीचा शब्द बाहेर पडला नाही. कविता मनातल्या मनात वाचायचे. सरांच्या ते लक्षात आलं. माझं वाचन सपाट झालंय, एवढंच ते म्हणाले. मी ऐकून घेतलं. आबांनी मला परवानगी दिली होती, मनापासून दिली होती, तरी पुस्तक उघडलं की मला ती कानांवर दाबलेली कोपरं दिसायची. एखादी ओळ फार सुंदर लागली तर तेवढंच जास्त वाईट वाटायचं.

शेवटच्या वर्षी आबांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं. मोट गेली. इंजिनासोबत एक पुस्तिका आली होती, आतून बाहेरून इंग्रजी. रविवारी मी घरी होते. आबांनी मला शेतावर बोलावून घेतलं, विहिरीवर मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यावर बसवलं, पुस्तिका माझ्या हातात दिली आणि वाच म्हणाले.

मी पहिलं पान हळू आवाजात वाचलं आणि त्याचा अर्थ अहिराणीत सांगायला लागले. आबांनी हातानं थांबवलं.

“जोरमा वाच. आयकू येत नही.”

मी म्हटलं, मी नुसता अर्थच सांगते, तो जोरात सांगते. ते नाही म्हणाले. त्यात लिहिलंय ते आधी वाच, मग अर्थ सांग. ते माझ्या समोर मातीत बसले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले आणि गुडघे असे घट्ट धरले की बोटांची पेरं पांढरी पडली. मी वाचायला लागले. तेल किती घालायचं, पाण्याची टाकी कधी भरायची, हँडल कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा नाही. इतकं रुक्ष इंग्रजी मी आधी कधी वाचलं नव्हतं, आणि इतक्या काळजीनंही कधी वाचलं नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर मी त्यांच्याकडे बघत होते. एकदोनदा त्यांनी डोळे मिटले. एकदा मला वाटलं ते उठणार. पण त्यांनी नुसती बैठक बदलली. सगळी पुस्तिका संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मग त्यांनी मला विचारून विचारून तेल घातलं, हँडल मारलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला इंजिनानं धूर सोडला आणि ते धडधडायला लागलं. पाटात पाणी आलं. मिरचीच्या वाफ्यांकडे धावणाऱ्या त्या गढूळ पाण्यात आबांनी पाय धुतले, आणि मलाही धुवायला सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी पारावर सगळ्यांना सांगितलं की इंजिन पोरीनं चालू केलं. इंग्रजी वाचून चालू केलं. ‘इंग्रजी’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर एकदाच ऐकला होता, पहाटेच्या गाडीत.

रात्री जेवताना मी मायला म्हटलं, बरं झालं मी घरी होते, नाहीतर इंजिन तसंच पडून राहिलं असतं. माय ताटात आमटी वाढत होती. ती सहज बोलून गेली की दोंडाईच्याचा फिटर शनिवारी येऊन गेला होता. त्यानं दोनदा इंजिन चालवून, बंद करून दाखवलं होतं. आबांनीही एकदा स्वतः हँडल मारून चालू केलं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते भाकरी कुस्करत होते.

पुढच्या महिन्यापासून लोक माझ्याकडे कागद घेऊन यायला लागले. कोणाची कोर्टाची नोटीस, कोणाच्या मुलाची रेल्वेतल्या भरतीची चिठ्ठी. आबा स्वतः त्यांना घेऊन यायचे आणि वाचून होईपर्यंत ओसरीत बसून राहायचे. लोक माझं कौतुक करायचे, त्या इंजिनाची गोष्ट मलाच सांगायचे. ती खरी नाही, असं मी कधी कोणाला म्हटलं नाही. मी मान खाली घालून कागद घ्यायचे आणि वाचायला लागायचे.