शिफ्राचे केस

पाचवीच्या एका वर्गाला शिकवणारी शिफ्रा लग्न करून सप्टेंबरात शाळेत परत आली आणि आम्ही सगळ्या तिच्या केसांवर भाळलो. मी ऑफिसात बसते, दारातून येणारं प्रत्येक डोकं मला दिसतं, तरी मला कळलं नाही. कळलं ते फिर्दौसला. पाचवीच्या दुसऱ्या वर्गाची ही शिक्षिका स्वतः रुमाल बांधायची. "छान बसलाय," एवढंच ती म्हणाली आणि शिफ्रा लालबुंद झाली. तो केसांचा टोप होता. ज्यूंच्या कडक घरांत लग्न झालेली बाई केस झाकते. शिफ्रा ते केसांनीच झाकत होती.

इथे क्यूबेक प्रांतात सरकारी शाळेत शिकवणाऱ्याच्या अंगावर कायद्याने धर्माची खूण चालत नाही. कायद्याआधीच्या शिक्षकांना सूट आहे, पण नोकरी बदलली की ती गेली. फिर्दौस जुनी शाळा सोडून घराजवळ म्हणून आमच्याकडे आली आणि फसली. शिफ्रा तर कायद्यानंतरचीच. माझ्या गळ्यात क्रॉस असतो, पण मी टायपिंग करते, माझ्यामुळे मुलं बिघडत नाहीत म्हणे.

डिसेंबरात कोणा पालकाने तक्रार केली. मुख्याध्यापक गोव्रोंनी फिर्दौसला रुमाल आणि वर्ग यांतलं एक निवडायला सांगितलं. नाताळाच्या सुट्टीनंतर ती ग्रंथालयात पुस्तकं लावू लागली आणि तिची मुलं शिफ्राच्या वर्गात कोंबली गेली.

तेव्हापासून शिफ्राला चैन पडेना. काळी कॉफी ओतायची, न पिता फिरत राहायची. कोणी केसांचं कौतुक केलं की तिचा हात कानशिलाकडे जायचा. टोप धर्मापायी घालते हे तिने मला सांगितलं, आणि एक दिवस तडक गोव्रोंनाही. दार उघडंच होतं.

"शिफ्रा, तुझे केस सुंदर आहेत," ते म्हणाले. "मी एवढंच ऐकलं."

सोमवारी बर्फ पडत होता. मैदानात सगळ्यांचीच डोकी लोकरी टोप्यांत. आत येऊन शिफ्राने टोपी काढली. खाली टोप नव्हता, निळा रुमाल होता.

गोव्रोंनी पाहिलं आणि ते बदली शिक्षकासाठी फोन करायला आत गेले. फिर्दौस मात्र भडकली.

"वेडी आहेस का? माझी मुलं तुझ्या भरवशावर होती. आता त्यांना कोण बघणार?"

"मला नाही माहीत," शिफ्रा म्हणाली. "पण तुला बाहेर बसवून मला आत जाववत नव्हतं."

फिर्दौसने त्या निळ्या रुमालाची सैल गाठ पाहिली. मग म्हणाली, "बांधता तरी येतंय का? वळ तिकडे." आणि तिने गाठ सोडून नीट बांधून दिली. मला रडू आलं, आणि रागही आला, नक्की कोणाचा ते सांगता येणार नाही.

घंटा झाली. बदली शिक्षक मिळेना. गोव्रो मला म्हणाले, कोणी येईपर्यंत तूच बस वर्गात. मी मुद्दाम क्रॉस ब्लाउजवर काढला. त्यांनी पाहिला आणि मान वळवली.

दोन वर्गांची मुलं माझ्याकडे बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मला अपूर्णांक येतात का.

मी म्हटलं, येत नाहीत.