ब्रेक न लावता थांबणारी जीप

बातम्या रद्दीत जातात. त्या आणायला केलेल्या प्रवासांचे किस्से मात्र साचत राहतात. चंद्रपूरच्या आमच्या वृत्तपत्राचे जुने लोक भेटले की मी कुठल्या मंत्र्याला काय विचारलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. ऑफिसची जीप आणि तिचे ड्रायव्हर दौलतभाऊ मात्र सगळ्यांना आठवतात. सुरुवात हसण्यानं होते. शेवटी माझं डोकं फिरतं.

*

दौलतभाऊ सिंदेवाहीकडचे, धानाच्या गावचे. गाडी मी त्यांच्याकडूनच शिकलो. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर म्हैस दिसली की मी आधी क्लच दाबायचो. गाडी मोकळी सुटायची आणि म्हशीपेक्षा मीच जास्त बिचकायचो.

"भाऊ, पह्यले एक्सिलेटरवरचा पाय काढा. इंजिनच गाडीले धरते. मंग हलका ब्रेक. मंग क्लच दाबून तिसरा टाका, हळूच सोडा. मंग दुसरा. क्लच म्हणजे दार हाय. काम झालं का लावून घ्याचं, उघडं टाकून नाई बसाचं!"

पुढच्या म्हशीलाही मी क्लचच दाबला.

"कायच्यात शिकले जी तुमी कॉलेजात?"

"राज्यशास्त्र."

"मंग बरोबर हाय. अडचण आली का पह्यले संबंध तोडता!"

*

पुढे जीपचे ब्रेक कमजोर झाले. पॅडल तळाला टेकेपर्यंत काही घडायचं नाही. दौलतभाऊंनी सांगितलं तसा अर्ज मी लिहून दिला. व्यवस्थापक साहेबांनी त्यावर शेरा मारला, "ब्रेक कमी लागतात म्हणजे नेमके किती, ते कळवावे."

दौलतभाऊ थेट केबिनमध्ये. "साहेब, एक चक्कर संगं चला. मंग कळते."

साहेब गेले नाहीत. अर्ज टेबलावर राहिला, वर पेपरवेट.

*

मग दौलतभाऊ गिअरवरच जीप आवरू लागले. चौथा, तिसरा, दुसरा. क्लच इतका अलगद सोडायचे की मागे झोपलेला आमचा फोटोग्राफर सुधाकर कूसही बदलत नसे.

एकदा जंगलात काहीच कारण नसताना त्यांनी वेग उतरवला. दोन क्षणांनी एक रोही, नीलगायीचा नर, झाडीतून रस्त्यावर आला, आमच्याकडे बघत सावकाश पलीकडे गेला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"थो पाहा, दुसरा तिकडं आधीच उभा हाय. एक गेला का मांगचा येतेच. ब्रेक नसला का माणूस दूरचं पाहाले शिकते, भाऊ."

*

एका खासगी बसचे ब्रेक निकामी होऊन ती झाडावर आदळली. आम्ही त्याच जीपनं घटनास्थळी गेलो. मी पेटून उठलो होतो. 'प्रवाशांच्या जिवाशी खेळणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल करा!' पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी.

सकाळी दौलतभाऊंनी बोनेटवर अंक पसरून सगळी बातमी मोठ्यानं वाचली.

"जमली भाऊ. फक्त आपल्या मालकाचं नाव छापाचं राह्यलं!"

*

साहेबांनी एक दिवस स्टिअरिंगमागे सूचना चिकटवली, 'उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. डिझेल वाचवावे.'

दौलतभाऊ म्हणाले, "साहेब, उतारावर बैलालेही जुवातून सोडत नाई."

"मला बैल शिकवू नका."

"तुमाले नाई शिकवून राह्यलो. बैलाले ठाऊकच असते."

आठवडाभरात त्यांना काढलं. कारण, लेखी सूचनेचा भंग. मी तावातावानं केबिनमध्ये शिरलो. साहेब म्हणाले, "तुम्ही बातम्या बघा, गाडी आम्ही बघतो." कलेक्टरला भर पत्रकार परिषदेत घाम फोडणारा मी, समोर आलेला चहा प्यालो आणि बाहेर आलो!

*

नवा ड्रायव्हर आज्ञाधारक. उतार लागला की न्यूट्रल. एका उतारावर समोर धानाच्या पेंढ्यांनी भरलेली बैलबंडी आली. बैल वाचावेत म्हणून त्यानं जीप बांधावरून वावरात घातली. सुधाकरचा हात मोडला.

'चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने अपघात.' ही ओळ मीच लिहिली. दवाखान्यात त्या ड्रायव्हरनं ती वाचून मला विचारलं, "भाऊ, नियंत्रण होतं कुठी?"

जीप दुरुस्तीला गेली. पत्रा ठोकला, रंग दिला, दारावर वृत्तपत्राचं नाव नव्यानं काढलं. ब्रेकचं विचारलं तर साहेब म्हणाले, "त्याचा वेगळा अर्ज आहे ना? तो विचाराधीन आहे."

*

त्या उन्हाळ्यात साहेबांच्या मेहुणीचं लग्न चामोर्शीला होतं. माणसं जास्त, म्हणून ऑफिसची जीप. मलाही तिकडेच काम होतं. मागच्या दाराशी बसायला गेलो आणि पाहतो तर स्टिअरिंगवर दौलतभाऊ! साहेबांनी गावी माणूस पाठवून त्यांना बोलावून घेतलं होतं. फक्त त्या दिवसापुरतं.

"कशाला आलात?" मी त्यांच्या खिडकीशी जाऊन हळूच विचारलं.

"लेकरं बसली हायत, भाऊ."

न्यूट्रलची सूचना अजून तिथेच चिकटलेली होती. साहेब दौलतभाऊंच्या शेजारच्या सीटवर. जंगलातला उतार आला तसा त्यांनी डॅशबोर्डवरचा दांडा धरला. न्यूट्रलचं नाव काढलं नाही.

खाली वळणावर मोहाच्या टोपल्या घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. चौथा, तिसरा, दुसरा. जीप त्यांच्याजवळ पोहोचली तेव्हा माणसाच्या चालीनं चालली होती. बाया निवांत पलीकडे गेल्या. साहेबांचा धाकटा आईच्या मांडीवर झोपलेलाच होता.

साहेबांच्या बाई खूश झाल्या. "किती छान चालवता हो दौलतभाऊ! ब्रेक लावलेला कळलासुद्धा नाही!"

दौलतभाऊंनी आरशात पाहिलं.

"लावलाच नाई, बाई. थो साहेबाच्या टेबलावर हाय."