पाचव्या पायासाठी

ताई, माझी थोरली बहीण, गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणहून रोह्याला तिच्याकडेच निघालो होतो आणि वडखळला वाहतुकीत अडकलो होतो. मागच्या सीटवर तिने मागवलेली ग्लिसरीनची बाटली होती. पुढचे डंपर हलेनात, मी हॉर्न वाजवत राहिलो... कशासाठी, ते आता मलाही सांगता येणार नाही. त्याला महिना उलटला, तरी अजून एका जागी बसवत नाही.

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर ती स्वस्थ बसेल असं आम्हाला वाटलं होतं, पण तिने जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आणि आमची पानं जमिनीवर आली. तिचा जीव जडला होता कोपेपॉडवर. कोळंबीच्या गोतावळ्यातला, पण मिठाच्या कणाएवढा जीव. काचेवर ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन दोन बारीक सुयांनी ती त्याचे पाय सोडवायची, वर पातळ काच ठेवायची आणि कडा नेलपॉलिशने बंद करायची. जन्मात नखं न रंगवलेली ताई रोह्याच्या बाजारात नेलपॉलिश मागायची, तेव्हा दुकानदारीण पुढ्यात गुलाबी छटा मांडायची. "कुठलाही दे गो, चिकटला म्हणजे झालं," हे ऐकून त्या बाईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

खांब गावाजवळच्या एका तळ्यात तिला वेगळाच कोपेपॉड सापडला. माद्या पुष्कळ, नर एकच. यांची जात ठरते नराच्या पाचव्या पायावरून, आणि तो पाय नीट पसरावा म्हणून वरची काच सुईने हलकेच दाबायची तिची सवय. त्या दिवशी ग्लिसरीन कमी पडलं, काच टेकली आणि पायाचा चुरा झाला. "चित्र तरी काढलंस?" मी विचारलं. "पसरवून मग काढणार होते रे..." एवढंच म्हणाली. मला राग आला होता, तिचा नाही, त्या काचेचा.

तेव्हापासून दुसऱ्या नराचा शोध सुरू झाला. गाडी मी चालवायची, जाळी तिने ओढायची. त्यात तळ्याची जागा विकली गेली, एका कडेने मुरूम पडू लागला आणि ताई घायकुतीला आली. काठावर कपडे धुणारी सखूबाई विचारायची, "काय गो बाय, आज पन किडंच न्यायला आलीस?"

"व्हय गो, एकीसाठी नवरा शोधत्ये," ताई म्हणायची. गाडीत बसल्यावर मात्र तिचं हसू जायचं. "उजवी मिशी कोपरात दुमडलेली, तो नर. मी नसले तरी बघशील ना?"

"काहीतरी बोलू नकोस," म्हणून मी गिअर टाकायचो.

तेराव्यानंतर मी एकटाच जाळी घेऊन गेलो. "बाय नाय आली?" सखूबाईने विचारलं. मी सांगितलं. तिने ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग लवकर काढ. उद्या ह्यो कोपरा पन बुजतोय."

पाणी घेऊन ताईच्या टेबलाशी बसलो. एकामागून एक, सगळ्या माद्याच. चहा गार झाला, मान धरली, चरफडत उठलो, पुन्हा बसलो... आणि एकाची उजवी मिशी कोपरात दुमडलेली दिसली. "ताई, सापडला गं!" मी ओरडलो. स्वयंपाकघरातून कुणी आलं नाही.

त्याचे पाय सोडवणं माझं काम नव्हे. ते तिची एक विद्यार्थिनी करणार आहे. मी त्याला स्पिरिटच्या कुपीत ठेवलं. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची असते: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. मी ताईचं नाव लिहिलं, बूच लावलं आणि घरभर येरझाऱ्या घालत राहिलो. ज्या दिवशी जाळी स्वतः ओढली नाही, त्या दिवशीच्या कुपीवर स्वतःचं नाव तिने कधीच चालवून घेतलं नसतं. शेवटी बूच काढलं, चिमट्याने चिठ्ठी बाहेर ओढली, फाडली आणि दुसरीवर माझं नाव लिहिलं. ताई गेली, हे मला तेव्हा पटलं.