उधाणाच्या पाण्यातले देव

खाडीचं पाणी वर सरकतंय, हे मी आठव्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज बघते. कुणाला सांगावं तर म्हणतात, "तू फारच विचार करतेस बाई!" म्हणून मी फोटो काढते. बोलता येत नाही ते दाखवते, असं आपलं मी स्वतःला सांगते.

यंदा उधाणाला खाडीकाठच्या राई गावात पाणी शिरल्याचं कळलं, तशी कॅमेरा घेऊन पोचले. ऑफिसातल्या मैत्रिणीचं सासर तिथलं. तिच्या सासूला मी काकी म्हणते. घरात घोट्याएवढं पाणी, सामान कॉटवर चढवलेलं. काकींनी सगळ्यात आधी देव उचलून माळ्यावर ठेवले होते. गटाराचं पाणी मिसळलेलं, ते देवांना शिवायला नको म्हणून. मला हवा होता तो फोटो नेमका तिथेच हुकत होता.

"काकी, देव जरा खाली ठेवाल? पाण्यात, पाटावर?"

काकींनी वर माळ्याकडे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, असं नको ना." तेव्हाच गप बसायचं ना! पण नाही, मी भाषण ठोकलं. लोकांना कळायला हवं, हवामान बदलतंय, चित्रानं बोललं पाहिजे, वगैरे. घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? काकींनी पदर डोक्यावर घेतला, पाट आणला, देव मांडले. रांगत्या बाळकृष्णाच्या गुडघ्यांना पाणी लागलं. फोटो मात्र झकास आला.

परवा प्रदर्शनात तोच मोठा करून लावला. लोक हळहळत होते, मीही गळ्यात कॅमेरा अडकवून, गंभीर चेहरा करून उभी. तेवढ्यात मैत्रीण काकींना घेऊन आली. काकी ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. फोटोसमोर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"देवा, चूक माझी हाय. मीच उतरवलं तुला. पोरांवर राग न्हाय धरायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन म्हणायचं होतं, काकी, चूक माझी आहे, तुमची नाही. पण एसीतल्या गार फरशीवर त्या अनवाणी उभ्या, जोडलेले हात, समोर पाण्यातले देव... माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर गेलं होतं.

मैत्रिणीनं ते पाहिलं. तिनं वाकून काकींच्या पायात चपला सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांना बाहेर घेऊन गेली.